मुंबईत नव्याने आलेल्या कुटुंबासाठी: संस्थांची मदत कुठे, कशी आणि कोणत्या क्रमाने मागायची

गावाहून मुंबईत आलेलं कुटुंब बहुतेक वेळा एकाच मोठ्या संकटाने कोलमडत नाही. छोट्या अडचणी एकमेकींत अडकत जातात. खोलीमालक भाडेकरार करून देत नाही, म्हणून आधारवरचा पत्ता बदलत नाही. पत्ता नाही म्हणून बँकेचं खातं रखडतं, मजुरी रोखीत येते आणि आठवड्याभरात संपते. धाकट्याला सांभाळायला कोणी नसतं, म्हणून आईला कामावर जाता येत नाही, नाहीतर मोठ्या मुलीची शाळा सुटते. तेवढ्यात घरात कोणी आजारी पडलं की दहा टक्के महिन्याने पैसे उचलावे लागतात.

या शहरात अशा कुटुंबांसाठी काम करणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. बहुतेकांना वाटतं, संस्था म्हणजे धान्याची पिशवी, वह्या-दप्तरं आणि दिवाळीचे कपडे. हे मिळतंही, पण चांगल्या संस्थेकडून मागून घ्यायची मोठी गोष्ट वेगळी आहे. कोणत्या खिडकीवर कोणता कागद लागतो हे ठाऊक असलेला आणि तुमच्यासोबत त्या खिडकीपर्यंत येणारा कार्यकर्ता. सरकारी योजना भरपूर आहेत. त्या योजना आणि तुमची खोली यांच्यातलं अंतर तोडायला हा माणूस लागतो. पुढचं सगळं त्याच बेताने लिहिलं आहे.

पहिलं काम घरी बसून: अडचणींचा क्रम लावा

संस्थेत जाण्याआधी नवरा-बायकोने, घरात मोठी माणसं असतील तर त्यांनाही घेऊन, एका कागदावर सगळ्या अडचणी लिहाव्यात. मग प्रत्येकीपुढे एकच प्रश्न विचारायचा: ही सुटली तर आणखी कोणती हलेल?

उदाहरण घ्या. नवरा नाक्यावर बिगारी करतो, बायकोला धुणी-भांड्यांचं काम मिळतंय, पण पदरात दोन वर्षांचं मूल आहे. इथे 'पैसे नाहीत' ही अडचण सगळ्यात वर दिसेल. खरी किल्ली मात्र मूल ठेवायच्या जागेची आहे. पाळणाघर मिळालं तर दुसरी कमाई सुरू होते. संस्थेत जाऊन 'पैशांची मदत करा' म्हणाल तर एकदा किराणा मिळेल. 'मूल ठेवायला जागा मिळाली तर मी कामावर जाऊ शकते' असं म्हणाल तर पुढचा रस्ता उघडेल.

भूक, आजारपण आणि घरातली मारहाण यांना मात्र क्रम लावत बसू नका. त्या दिवशीच निघायचं.

दुसरं काम: जवळची संस्था शोधा आणि पारखून घ्या

शोध वस्तीतूनच सुरू करावा. अंगणवाडी सेविकेला विचारा. महापालिकेच्या आरोग्य केंद्रातून घरोघरी फिरणारी आरोग्यसेविका, महापालिका शाळेतल्या बाई, बचत गटाच्या अध्यक्षा, बुद्धविहारात किंवा गणेश मंडळात राबणारी मुलं, यांना आपल्या गल्लीत कोणती संस्था खरंच येते हे ठाऊक असतं. मोबाइलवर शोधलेलं मोठं नाव तुमच्या वस्तीत काम करत नसेल तर तुमच्या उपयोगाचं नाही. म्हणून आधी 'इथे कोण येतं' हेच विचारा.

काही नावं माहीत असलेली बरी. गोवंडीच्या शिवाजीनगर भागात 'अपनालय' अनेक वर्षं काम करते. 'स्नेहा' ही संस्था १९९९ साली शीव रुग्णालयातल्या नवजात शिशुतज्ज्ञ डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने उभी राहिली. धारावी आणि मानखुर्द-गोवंडीत बाळंतीण, बाळाचं पोषण आणि स्त्रियांवरची हिंसा हे तिचं मुख्य काम. चेंबूरची 'कोरो' वस्तीतल्याच लोकांना कार्यकर्ते म्हणून उभं करते. 'युवा' ही १९८४ पासूनची संस्था घर आणि मजुरीच्या प्रश्नांवर काम करते. कचरावेचक स्त्रियांसाठी आणि कुटुंब समुपदेशनासाठी 'स्त्री मुक्ती संघटना' आहे. मुलांच्या शिक्षणासाठी 'प्रथम' (१९९५) आणि 'डोअर स्टेप स्कूल' (१९८८), या दोन्ही मुंबईतच सुरू झाल्या.

पारखायचं कसं? संस्था नोंदणीकृत आहे का हे विचारायला संकोच करू नका. खऱ्या संस्थेतल्या ताई नोंदणी क्रमांक सांगतात, आणि धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या न्यासाची माहिती तपासताही येते. फॉर्म भरण्याचे, 'नंबर लावण्याचे' किंवा 'साहेबांचे' पैसे खरी संस्था घेत नाही. सरकारी शुल्क असेल तर त्याची पावती मिळते. मूळ कागद कोणाच्याही ताब्यात देऊ नका, झेरॉक्स द्या आणि झेरॉक्सवर कशासाठी दिली ते लिहून सही करा. मोबाइलवर आलेला ओटीपी सांगू नका, कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. वस्तीत एजंट आणि कार्यकर्ता दोघेही 'काम करून देतो' म्हणतात. एजंट तुम्हाला घरी बसायला सांगतो, कार्यकर्ता सोबत चला म्हणतो.

तिसरं काम: पहिली भेट

पहिल्या भेटीत सगळं खरं सांगा. कर्ज किती आहे, कोणाचं आहे, घरात कोणी दारू पितं का, गावाकडे शेत आहे का, रेशनकार्डावर कोणाकोणाची नावं आहेत. पुष्कळ जण मदत मिळणार नाही या भीतीने गावची दोन एकर जमीन लपवतात. पुढे दाखल्याच्या वेळी ती निघते, अर्ज अडकतो आणि विश्वासही जातो. कार्यकर्ते नंतर गृहभेटीला येतात. घर आवरून ठेवायची किंवा मुद्दाम विस्कटायची गरज नाही. घरात कोण राहतं, काय शिजतं आणि मुलं दिवसभर कुठे असतात, एवढंच त्यांना पाहायचं असतं.

सोबत न्यायचं: सगळ्यांचे आधार, गावचं रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले किंवा लसीकरणाचं कार्ड, शाळेचे जे काही कागद असतील ते, वीजबिल मालकाच्या नावावर असलं तरी त्याची झेरॉक्स. काही नसेल तर तसेच जा. कागद नाहीत म्हणून संस्थेत न जाणं म्हणजे ज्या कामासाठी ती बसली आहे त्याच कामासाठी न जाणं.

रेशन: गावचं कार्ड इथे चालतं

ही गोष्ट अजूनही असंख्य कुटुंबांना माहीत नाही. गावचं कार्ड अन्नसुरक्षा यादीत असेल आणि आधारशी जोडलेलं असेल, तर मुंबईतल्या कोणत्याही रेशन दुकानात अंगठा लावून धान्य घेता येतं. कार्ड इकडे बदलून आणावं लागत नाही. अर्धं कुटुंब गावी असेल तर थोडं तिकडे, थोडं इकडे असंही उचलता येतं. प्राधान्य कुटुंबाला दर माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कार्डाला कुटुंबामागे ३५ किलो धान्य मिळतं. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे.

अडतं कुठे? दुकानदार म्हणतो, 'तुमचं कार्ड इथलं नाही.' किंवा कष्टाने झिजलेला अंगठा मशीन घेत नाही. किंवा एखाद्या माणसाची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, राहिलेली असते. पहिल्या वेळी कार्यकर्त्याला सोबत न्या आणि १२ अंकी रेशनकार्ड क्रमांक लिहून ठेवा. तरी नाकारलं तर १९६७ वर तक्रार नोंदवा किंवा विभागाच्या शिधावाटप कार्यालयात लेखी द्या. मुंबईत रेशनिंग कृती समितीच्या स्त्रियांनी या प्रश्नावर वर्षानुवर्षं मोर्चे काढले आहेत. दुकानदाराशी कसं बोलायचं हे त्यांच्याकडून शिकावं.

गॅसचंही सांगून टाकते. पत्त्याचा पुरावा नसेल तर मोठी जोडणी मिळणं अवघड जातं, पण ५ किलोचा छोटा सिलिंडर फक्त ओळखपत्रावर मिळतो. काळ्याबाजारात किलोने गॅस भरून घेण्यापेक्षा तो सुरक्षित.

मुलं: आधी सांभाळ, मग शाळा

सहा वर्षांखालच्या मुलाचं नाव पहिल्या आठवड्यातच अंगणवाडीत घाला. गावचं असलं तरी त्याला आहार आणि लसीकरण मिळतं, आणि गरोदर बाईलाही. अंगणवाडी काही तासच चालते, कामाचा पूर्ण दिवस तिच्यात बसत नाही. बांधकामावर काम असेल तर 'मुंबई मोबाइल क्रेशेस' बांधकामाच्या जागीच पाळणाघरं चालवते. तिथे मुलाला आंघोळ, जेवण, झोप, शिकणं सगळं मिळतं. कायद्यानुसार ठरावीक संख्येहून अधिक मजूर असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली ठेवणं मालकाचं कर्तव्यच आहे. तुमच्या साइटवर ती नसेल तर संस्थेला सांगा. एकट्या बाईने ठेकेदाराला विचारलं की काम जातं, संस्थेने विचारलं की खोली मिळण्याची शक्यता असते.

शाळेचं मात्र नीट लक्षात घ्या, कारण इथेच सगळ्यात जास्त मुलं कायमची सुटतात. गावच्या शाळेतून दाखला यायला वेळ लागतो, इथले कोणी म्हणतं 'दाखला आणा, मग बघू', आणि बघता बघता वर्ष जातं. शिक्षण हक्क कायदा २००९ स्पष्ट सांगतो: ६ ते १४ वयाच्या मुलाला जन्माचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, दाखला यायला उशीर झाला म्हणून नाकारता येत नाही, आणि वर्ष अर्ध्यावर आलं म्हणूनही नाही. मधली वर्षं शाळा बुडाली असेल तर वयाप्रमाणे वर्गात बसवून वेगळं शिकवणं शाळेचं काम आहे. ही कलमं तोंडाने सांगून ऐकली जात नसतील, तर संस्था मुख्याध्यापकांना पत्र देते. त्या पत्राचा फार उपयोग होतो.

महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांत आहेत. गणवेश, दप्तर, वह्या धरून २७ वस्तू मुलांना मोफत मिळतात. खाजगी शाळेतल्या २५ टक्के राखीव जागांसाठी अर्ज करायचा असेल तर वर्षभर आधी तयारी लागते. अर्ज ऑनलाइन असतो, सोडत निघते, दुर्बल गटासाठी १ लाखापर्यंतच्या वार्षिक उत्पन्नाचा दाखला लागतो आणि भाड्याने राहत असाल तर नोंदणीकृत करार. या अर्जावर भिस्त ठेवून मुलाला घरी बसवू नका. आज महापालिकेच्या शाळेत घाला, अर्ज पुढच्या वर्षी करा.

आजारपण: सगळ्यात जास्त घरं इथे बुडतात

साध्या ताप-खोकल्यासाठी महापालिकेचा दवाखाना किंवा 'आपला दवाखाना' शोधून ठेवा. तपासणी आणि औषध तिथे मोफत असतं. मोठं दुखणं निघालं तर केईएम, शीव, नायर, कूपर ही महापालिकेची मोठी रुग्णालयं आहेत. तिथे डॉक्टरांइतकाच महत्त्वाचा माणूस म्हणजे समाजसेवा विभागातला अधिकारी. लोक केसपेपर घेऊन या खिडकीतून त्या खिडकीत फिरतात आणि या खोलीपर्यंत पोहोचतच नाहीत. दाखल झाल्या दिवशीच विचारा: 'समाजविकास अधिकारी कुठे बसतात?' बाहेरून आणायला सांगितलेलं इम्प्लांट, महागडी तपासणी, औषधं यांसाठी गरीब रुग्णांच्या निधीतून, ज्याला रुग्णालयात 'पूअर बॉक्स' म्हणतात, मदत मिळू शकते. पुढे कोणत्या न्यासाकडे अर्ज करायचा हेही हेच लोक सांगतात. सिद्धिविनायक मंदिर न्यास आणि टाटा ट्रस्टसारखे न्यास उपचारासाठी मदत देतात. त्यासाठी रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं, आणि अर्ज बहुधा उपचार होण्याआधी करावा लागतो. बिल भरून झाल्यावर पैसे परत मिळतील या आशेवर कर्ज काढू नका.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ठरलेल्या आजारांवर, यादीतल्या रुग्णालयांत, कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत खर्च न करता उपचार मिळतात. रेशनकार्ड आणि आधार न्या आणि रुग्णालयात योजनेची मदत करायला बसलेल्या 'आरोग्यमित्रा'ला भेटा. माहितीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे.

आता धर्मादाय रुग्णालयांविषयी, ज्यांच्याबद्दल मी भेटेल त्याला सांगत सुटते. मुंबईतली अनेक मोठी, काचेची, बाहेरून परवडणारच नाहीत अशी वाटणारी रुग्णालयं धर्मादाय न्यास म्हणून नोंदलेली आहेत. सार्वजनिक न्यासांच्या राज्याच्या कायद्यातल्या कलम ४१ कक आणि उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. या खर्चासाठी रुग्णालय आपल्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत ठेवतं. तातडीच्या रुग्णाला अनामत रक्कम न मागता दाखल करून स्थिर करणं बंधनकारक आहे. तरीही स्वागतकक्षात 'खाट शिल्लक नाही' असं ऐकू येतं. तेव्हा वाद न घालता रुग्णालयाच्या समाजसेवकाला भेटा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड दाखवा, लेखी अर्ज देऊन पोच घ्या. पोच देत नसतील तर संस्थेच्या मदतीने वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार करा. उत्पन्नाचा दाखला घरातलं कोणी आजारी पडण्याआधी काढून ठेवा, हा माझा कळकळीचा सल्ला आहे. माणूस खाटेवर असताना तहसील कार्यालयाच्या रांगेत उभं राहणं फार अवघड जातं.

परळच्या टाटा रुग्णालयात कर्करोगावर उपचारासाठी आलेल्यांना राहायची जागा हा निम्मा आजार असतो. उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि खोलीचं भाडं परवडत नाही, मग कुटुंबं फुटपाथवर राहतात. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आणि कर्करोग झालेल्या लहान मुलांसाठी २००६ पासून चालणारी सेंट ज्यूड्सची केंद्रं, या जागा नाव घेऊन विचारा. रुग्णालयातल्या समाजसेवकाची चिठ्ठी आणि उपचाराचे कागद सोबत असले की बोलणं सोपं जातं. जागा लगेच मिळेलच असं नाही. नाव प्रतीक्षायादीत घालून रोज जाऊन विचारावं लागतं.

पत्ता, पैसा, मजुरी

करार मिळत नसेल तर आधारवरचा पत्ता दोन मार्गांनी बदलतो. घरातल्या एकाचा पत्ता इथला झालेला असेल तर कुटुंबप्रमुख म्हणून त्याच्या संमतीने, नातं दाखवणाऱ्या कागदावर, इतरांचा बदलता येतो. नाहीतर आधारच्या ठरलेल्या नमुन्यात आमदार किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचा सही-शिक्क्याचा दाखला चालतो. तो नमुना संस्थेत छापील मिळतो. खातं जनधनचं उघडा, त्यात शिल्लक ठेवावी लागत नाही.

बांधकाम मजुराने राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी जरूर करावी. त्यासाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं. मुलांच्या शिष्यवृत्तीपासून बाळंतपणापर्यंतचे लाभ त्यावर आहेत. ठेकेदार सही देत नाही ही नेहमीची तक्रार. म्हणून रोजचं काम, ठिकाण आणि मुकादमाचा फोन वहीत लिहीत चला. थकलेल्या मजुरीसाठीही तीच वही पुरावा ठरते.

कर्जासाठी आधी बचत गटात शिरा. गिरणगावात खानावळ चालवणाऱ्या स्त्रिया वाण्याच्या उधारीत आणि सावकाराच्या व्याजात बुडालेल्या होत्या, तेव्हा १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून 'अन्नपूर्णा महिला मंडळ' उभं केलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. एकटीला दारात उभं न करणाऱ्या बँकेने गटाला कर्ज दिलं. हा रस्ता आजही तोच आहे.

घरात मारहाण होत असेल तर

कागद, पैसा, पत्ता काहीही बघू नका. महापालिकेच्या रुग्णालयांतल्या 'दिलासा' केंद्रात जा. पहिलं केंद्र वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालं, आता इतरही रुग्णालयांत आहेत. जखमेवर उपचार, नोंद आणि समुपदेशन तिथे एका छताखाली मिळतं, आणि ती नोंद पुढे न्यायालयात उपयोगी पडते. पोलिसांसाठी १०३ किंवा ११२, स्त्रियांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. वकील परवडत नाही ही अडचण नाही. स्त्रियांना उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्याचा क्रमांक १५१००. 'मजलिस'सारखी संस्था स्त्रियांचे खटले वर्षानुवर्षं लढते आहे.

खिडकीवरून परत पाठवलं तर

परत पाठवलं जाईल, हे धरूनच चला. 'उद्या या' म्हणणाऱ्याला शांतपणे विचारा, 'कोणता कागद कमी आहे ते लिहून द्याल का?' अर्ज नेहमी दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्या. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला अशा सेवांसाठी महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा लागू आहे. किती दिवसांत सेवा द्यायची हे ठरलेलं असतं आणि कार्यालयातल्या फलकावर लावलेलं असतं. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला तर ३० दिवसांत त्याच विभागातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करता येतं. ते लिहिता येत नसेल तर शिक्क्याची प्रत घेऊन संस्थेत जा. अपिलाचा नमुना त्यांच्याकडे तयार असतो, तुमचं नाव, अर्जाचा क्रमांक आणि तारीख भरायला दहा मिनिटं पुरतात.